चौसष्टाचे पासष्ट

सुवर्ण गुणोत्तर शिकवायचं म्हटलं की बहुतेक वर्गांत फळ्यावर आधी 1.618 ही संख्या येते. पाठोपाठ ग्रीसचं पार्थेनॉन, मोनालिसा आणि शंखाचं चित्र. मुलं संख्या उतरवून घेतात, चित्रांकडे कौतुकानं बघतात आणि तास संपतो. यात गणित कुठेच झालेलं नसतं. माझ्या मते हा क्रम उलटा करायला हवा. मुलांनी आधी मोजावं, मग मांडावं आणि 1.618 अगदी शेवटी यावं. इगतपुरीसारख्या गावात तर मोजण्याजोगं इतकं आहे की अथेन्सला जायची गरजच पडू नये.

सुरुवात मराठीच्या तासापासून करता येते. लघू अक्षराची एक मात्रा आणि गुरू अक्षराची दोन, हे वृत्तं शिकताना मुलांच्या कानावर पडलेलं असतं. आता प्रश्न असा की पाच मात्रांची ओळ लघू-गुरूंच्या किती मांडण्यांनी भरेल? मुलं टाळ्या वाजवत, वहीत ल आणि ग लिहीत मोजू लागतात. गगल, गलग, लगग, गललल, लगलल, ललगल, लललग, ललललल. आठ. चार मात्रांच्या मांडण्या पाच आणि तीन मात्रांच्या तीन. पाच अधिक तीन आठ, हे एखाद्या मुलीच्या लक्षात येतं आणि वर्गात कुजबुज सुरू होते. असं का होतं, ते शोधायला त्यांना थोडा वेळ द्यावा. ओळीच्या शेवटी लघू असेल तर आधी चार मात्रा उरतात आणि गुरू असेल तर तीन. प्रत्येक मांडणी या दोहोंपैकी एकाच गटात बसते, म्हणून बेरीज. सहावीतल्या मुलांनाही ही सिद्धता पेलते.

हाच हिशेब आचार्य हेमचंद्रांनी इसवी सन 1150च्या सुमारास ‘छंदोनुशासन’ या ग्रंथात मांडला. त्यांच्याआधी विरहांक आणि गोपाल यांनीही तो सांगितला होता. पिसाच्या लिओनार्दोचं, म्हणजे फिबोनाचीचं, सशांच्या जोड्यांचं गणित 1202 सालचं. परमानंद सिंग यांनी 1985 साली हा सगळा इतिहास इंग्रजी निबंधात मांडल्यावर जगभरच्या गणितज्ञांचं तिकडे लक्ष गेलं. पण हे मूळ ग्रंथ संपादून छापण्याचं काम मुंबईत संस्कृत शिकवणाऱ्या एका मराठी माणसानं आधीच केलं होतं. ह. दा. वेलणकरांनी संपादित केलेलं ‘छंदोनुशासन’ 1961 साली निघालं, पाठोपाठ विरहांकाचा ‘वृत्तजातिसमुच्चय’ही. प्राकृत-संस्कृत छंदांसाठी आयुष्य वेचलेल्या या संपादकाचं नाव गणिताच्या वर्गात घेतलं जात नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

एकदा 1, 2, 3, 5, 8, 13, 21, 34, 55, 89 ही रांग हाती आली की भागाकार सुरू करावेत. 3 भागिले 2 म्हणजे 1.5. मग 1.667, 1.6, 1.625, 1.615, 1.619... उत्तर एकदा वर जातं, एकदा खाली येतं आणि दरवेळी हेलकावा लहान होतो. तो कुठे थांबणार? इथे दहावीचं पुस्तक मदतीला येतं. एका आयतातून रुंदीएवढ्या बाजूचा एक चौरस कापून टाकला आणि उरलेला तुकडा मूळ आयताशी समरूप निघाला, तर लांबी-रुंदीचं गुणोत्तर किती? रुंदी 1 आणि लांबी x धरली की समरूपतेवरून x² − x − 1 = 0 हे वर्गसमीकरण मिळतं. सूत्र वापरलं की धन उत्तर येतं 1 अधिक वर्गमूळ 5, भागिले 2. ते दशांशात मांडलं की 1.6180339... भूमितीच्या पुस्तकातला समरूपतेचा धडा आणि बीजगणितातला वर्गसमीकरणांचा धडा असे एकाच प्रश्नात भेटतात. असे प्रश्न शिक्षकांनी जपून ठेवायला हवेत.

आता कात्री. सेंटिमीटरच्या चौकटींच्या कागदावर 8 बाय 8चा चौरस आखायचा. त्याचे 8 बाय 3 आणि 8 बाय 5 असे दोन आयत कापायचे. पहिला कर्णावर कापला की दोन त्रिकोण मिळतात. दुसरा तिरका असा कापायचा, की 5 आणि 3 समांतर बाजूंचे दोन सारखे समलंब चौकोन मिळतील. हे चार तुकडे फिरवून लावले की 13 बाय 5चा आयत तयार होतो. चौरसाचं क्षेत्रफळ 64, आयताचं 65. एक चौरस सेंटिमीटर आला कुठून?

मुलं कापण्यात चूक झाली म्हणतात, पुन्हा कापतात, पुन्हा पासष्टच. मग त्यांना त्रिकोणाच्या तिरक्या कडेचा चढ काढायला सांगावा. तो 8 ला 3 आहे, म्हणजे 0.375. समलंब चौकोनाच्या तिरक्या कडेचा 5 ला 2, म्हणजे 0.4. दोन्ही कडा मिळून सरळ रेषा होतच नाही. कर्णाच्या बाजूने एक बारीक फट उरते. ती जवळजवळ 14 सेंटिमीटर लांब असते आणि तिची सरासरी रुंदी पाऊण मिलिमीटरही भरत नाही. जास्तीचा तो चौरस सेंटिमीटर तिथे पसरलेला असतो. 5, 8, 13 ऐवजी 8, 13, 21 घेतले तर उलटं होतं. 13 चा वर्ग 169 आणि 8 गुणिले 21 म्हणजे 168, त्यामुळे यावेळी तुकडे एकमेकांवर किंचित चढतात.

इगतपुरीच्या मुलांसाठी यात आणखी एक गंमत आहे. 0.4 आणि 0.375 मधला फरक 0.025, म्हणजे 40 ला 1. आणि कसारा घाटात 1865 पासून सुरू असलेल्या रेल्वेमार्गाचा चढ 37 ला 1 आहे. जवळजवळ तेवढाच! कागदावर जो फरक डोळ्याला दिसत नाही, त्याच मापाच्या चढासाठी कसाऱ्याला गाडीमागे बँकर इंजिनं जोडावी लागतात आणि इगतपुरीला ती सुटतात. ज्या मुलानं ती इंजिनं रोज पाहिली आहेत, त्याला ‘चढ’ हे गुणोत्तर वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

मोजायला लागलं की दंतकथाही गळून पडतात. एटीएम कार्ड सुवर्ण आयत असतं असं ठासून सांगितलं जातं. पट्टी लावली की 86 बाय 54 मिलिमीटर, गुणोत्तर 1.59. ए-फोर कागदाचं तर 1.414, म्हणजे 2 चं वर्गमूळ. फुलांचंही तसंच. आश्विनात तालुक्यातल्या माळांवर खुरासणी पिवळी होते. तिच्या फुलाला बहुधा आठ पाकळ्या, पण मोजत गेलं की कमी-जास्तही सापडतात. मोहरीला चारच, आणि चार या रांगेत नाहीच. अननसावर मात्र 8 आणि 13 मळसूत्री ओळी खरोखर सापडतात. खडूने खुणा करून त्या मोजाव्यात. नवा कोंब आधीच्यांपासून जिथे मोकळी जागा असेल तिथे फुटतो, त्यातून साधारण 137.5 अंशांचा कोन येतो आणि त्या कोनातून या ओळी. फ्रान्समधल्या दुआदी आणि कुदेर या भौतिकशास्त्रज्ञांनी 1992 साली चुंबकीय द्रवाच्या थेंबांवर हेच घडवून दाखवलं. कारण कळलं की अपवादांची भीती वाटत नाही.

आकड्यांच्या रांगांशी खेळणारा याच रेल्वेमार्गावरचा मोठा माणूस म्हणजे देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. डोंबिवलीला तेव्हा डेम्लो म्हणत. त्या स्थानकावर सुचलेल्या संख्यांना त्यांनी ‘डेम्लो संख्या’ असं नाव दिलं. 121, 12321 या त्यांतल्याच. त्यांची 6174 जगभर गाजली. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करा, उत्तरात अंक कमी पडला तर आधी शून्य लावा आणि हेच पुन्हा करत राहा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत 6174 येते. हेमचंद्रांच्या रांगेत सतरा मात्रांच्या ओळीची संख्या 2584 आहे. तिच्यापासून निघालं की 6084, 8172, 7443, 3996, 6264, 4176, 6174. बरोबर सात.

तीन अंकांत हाच खेळ 495 वर थांबतो. रांगेतल्या तीन अंकी संख्या पाचच आहेत, 144, 233, 377, 610 आणि 987. गृहपाठाला त्या द्याव्यात. पायऱ्या अनुक्रमे 4, 6, 3, 2 आणि 5 लागतात, एकही पुन्हा येत नाही. दुसऱ्या दिवशी कारण विचारावं. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान अंकातल्या फरकाला 99 ने गुणलं की पहिली वजाबाकी मिळते, म्हणून सगळं त्या फरकावर ठरतं. आणि या पाच संख्यांत तो फरक 3, 1, 4, 6 आणि 2 आहे.