रक्त गोठते का, आणि गोठलेले टिकते का?

१/ बारामती-इंदापूर पट्ट्यात, काटेवाडीसारख्या गावी उसाच्या फडात घोणस चावली, तर डॉक्टर रुग्णाचे थोडे रक्त काचेच्या कोरड्या नळीत २० मिनिटे स्तब्ध ठेवतात. नळी तिरकी करताच ते वाहिले, तर विषाने गोठवणारी द्रव्ये संपवली, असे समजावे. यकृत प्रत्यारोपणाच्या इतिहासामागेही हाच प्रश्न आहे.

२/ १ मार्च १९६३, डेन्व्हर. थॉमस स्टार्झल यांनी मानवावरील पहिले यकृत प्रत्यारोपण हाती घेतले. रुग्ण तीन वर्षांचा मुलगा, जन्मतः पित्तनलिका बंद असलेला. तालीम कुत्र्यांवर झाली होती. परंतु त्यांची यकृते निरोगी होती. मुलाचा रक्तस्राव थांबेना. शस्त्रक्रियेच्या मेजावरच त्याचा अंत झाला.

३/ कारण यकृतातच होते. फायब्रिनोजेन, प्रोथ्रॉम्बिन ही गोठवणारी द्रव्ये तेथेच तयार होतात. रोगट यकृत कठीण झाले की आतड्याकडून येणारे रक्त अडते, आडवाटेच्या शिरा फुगतात, प्लीहा प्लेटलेट अडकवून ठेवते. रक्त वाहण्याच्या वाटा वाढतात आणि ते थांबवण्याची सामग्री घटते.

४/ जुने यकृत काढल्यावर संकट दुणावते. गुठळ्या विरघळवणाऱ्या द्रव्याचा निचरा करणारा अवयवच त्या घटकेला शरीरात नसतो. बांधलेली गाठही सुटू लागते.

५/ पुढील रुग्णांना गोठण्यास साहाय्य करणारी औषधे दिली गेली. तेव्हा उलटे घडले : गुठळ्या फुफ्फुसांत जाऊन बसल्या. एक चूक टाळताना दुसरी उभी राहिली. स्टार्झल यांनी काम थांबवले. १९६७ मध्ये ते पुन्हा सुरू झाले आणि एक बालिका वर्षाहून अधिक काळ जगली.

६/ उणीव कौशल्याची नव्हे, दृष्टीची होती : रक्ताची क्षणोक्षणीची स्थिती दिसत नव्हती. हायडेलबर्गच्या हेल्मुट हार्टर्ट यांनी १९४८ मध्येच थ्रॉम्बोइलास्टोग्राफ मांडला होता. किंचित फिरणाऱ्या पेल्यातील रक्त जसजसे घट्ट होते, तसतसा आलेख रुंदावतो. गुठळी विरघळू लागली की तो आकसतो. १९८० च्या दशकात पिट्सबर्गच्या भूलतज्ज्ञांनी हे यंत्र शस्त्रक्रियागृहात आणले. प्लाझ्मा द्यावा, प्लेटलेट द्याव्यात की गुठळी टिकवणारे औषध, हे आता अंदाजाऐवजी आलेख पाहून ठरू लागले.

७/ १९९८ मध्ये भारतातील पहिले यशस्वी यकृत प्रत्यारोपण दिल्लीत झाले. तेही एका बालकावर, आणि आजारही तोच : जन्मतः बंद पित्तनलिका. दरम्यान ३५ वर्षे लोटली होती.