भंगारातील न दिसणारा धातू

कळंबोलीच्या पोलाद बाजारात लोखंड कधी म्हातारे होत नाही. तुटलेला गर्डर, गंजलेली सळई भट्टीत जाते आणि नवी होऊन परत येते. दारूखाना आणि कर्नाक बंदर येथून आलेल्या पेढ्यांना हा व्यवहार पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. जुना व्यापारी चुंबक फिरवून, वजन पाहून मालाची पारख करतो. भंगाराच्या धंद्यात आता मात्र अशी एक वस्तू येऊ लागली आहे, जिच्यापुढे ही पारख अपुरी पडते. ती म्हणजे मोबाइल, लॅपटॉप आणि विजेवरील स्कूटर यांची निकामी लिथियम बॅटरी.

१९९१ मध्ये बाजारात आलेल्या या बॅटरीत तांब्याचा आणि ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा असतो. सवयीचा हात तेवढेच शोधतो. पत्र्यावरची काळी भुकटी त्याला राख वाटते. वस्तुतः लिथियम, कोबाल्ट, निकेल हे सारे तिच्यातच असते. बॅटरी उघड्यावर जाळली, की तांबे हाती येते, लिथियम वाया जाते आणि धुरातून हायड्रोजन फ्लोराइडसारखा विषारी वायू सुटतो.

योग्य कारखान्यात प्रथम बॅटरीतील उरलेली वीज उतरवतात, मग बंदिस्त यंत्रात तिचे तुकडे करतात. चाळून मिळालेली भुकटी आम्लात विरघळवून कोबाल्ट व निकेल वेगळे काढतात. अखेरीस सोडा घालून लिथियम कार्बोनेटचा पांढरा साका खाली बसवतात. तो गरम पाण्यात कमी विरघळतो, म्हणून द्रावण तापवावे लागते. अशा १०० किलो साक्यात लिथियम जेमतेम १९ किलो.

खरी अडचण भावाची आहे. लोह-फॉस्फेट प्रकारच्या बॅटरीत कोबाल्ट नाही, निकेलही नाही. शुद्धीकरणाचा खर्च मात्र चुकत नाही. २०२२ च्या केंद्रीय नियमांनी जुन्या बॅटऱ्यांची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आणि प्रक्रिया करणाऱ्यांना नोंदणी सक्तीची केली. तरीही गल्लीत जाळणारा अधिक भाव देऊ शकतो, कारण धुराचा खर्च तो शेजाऱ्यांवर टाकतो.

श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत स्फोटकर्म, म्हणजे भूमी खोदण्या-फोडण्याचा उद्योग, आणि विषवाणिज्य या दोहोंची गणना आहे. भुकटीतून परत मिळालेले लिथियम ऑस्ट्रेलियाच्या खाणींतून किंवा चिलीच्या खाऱ्या मैदानांतून तेवढे कमी काढावे लागते. तोच माल जाळणाऱ्याच्या हाती गेला, तर विकणाऱ्याने स्वतः काडी ओढली नाही, एवढ्याने तो सुटत नाही. करणे, करविणे आणि अनुमोदन देणे ही तिन्ही एकाच पंक्तीची.

म्हणून पेढीवर किंवा घरी साठलेल्या बॅटऱ्या लोखंडात मिसळू नयेत, फोडू नयेत. टोकांना चिकटपट्टी लावून त्या कोरड्या जागी वेगळ्या ठेवाव्यात, आणि घेणाऱ्याची नोंदणी पाहून, पावती घेऊनच द्याव्यात. भाव थोडा कमी मिळेल. शुद्ध व्यवहाराची किंमत व्यापाऱ्याच्या घराला नवी नाही.