आबांची चंद्री

तुम्ही उत्तरेकडचं लग्न पाहिलं असेल, तर नवरदेवाची घोडीही नक्की पाहिली असेल. इथे चंदीगडमध्ये थंडी सुरू झाली की आमच्या ऑफिससमोरच्या रस्त्यावरून सारख्या वराती जातात. बँड वाजतो, काका-मामा नाचतात आणि सजवलेल्या पांढऱ्या घोडीवर नवरदेव बसलेला असतो. सगळे फोटो त्याचेच काढतात. लगाम धरून पुढे चालणारा माणूस फोटोत आलाच, तर अर्धाच येतो.

गेल्या डिसेंबरमध्ये अशीच एक वरात बघत आम्ही खिडकीत उभ्या होतो. ऑफिसमधल्या मैत्रिणीने सहज विचारलं, "तुमच्याकडे पण घोडी असते का?" तिला लग्नातल्या घोडीबद्दल विचारायचं होतं. माझ्या तोंडून मात्र निघून गेलं, "आमच्या घरीच होती. माझ्या आजोबांची."

आज तुमच्यापुढे एक कबुली देते. हे मी आयुष्यात पहिल्यांदाच कोणाला तरी सांगितलं होतं. शाळेत, कॉलेजात, कोणी "आजोबा काय करायचे?" असं विचारलं की मी "शेती" म्हणून मोकळी व्हायचे. खरं तर आबा मेंढपाळ होते. बारामती तालुक्यातले धनगर. वर्षातले सात-आठ महिने त्यांचं घर चालतं-फिरतं असायचं. हे सांगायची मला लाज वाटायची.

दिवाळी झाली की आबांचा वाडा निघायचा. (वाडा म्हणजे मोठं घर नव्हे हं, मेंढरं घेऊन एकत्र फिरणारी चार-पाच कुटुंबं.) भोरवरून वरंधा घाट उतरून ते महाडकडे जायचे. कोकणात भाताची कापणी झालेली असते. शेतकरी मोकळ्या शेतात मेंढरं बसवून घेतात. रात्रभरात लेंड्या-मुताचं खत जमिनीला मिळतं आणि त्याच्या बदल्यात मेंढपाळाला भात किंवा पैसे मिळतात. पावसाळ्याच्या आत परत घाट चढायचा, कारण कोकणचा पाऊस मेंढरांना सोसत नाही, त्यांचे खूर सडतात. आबांनी हा रस्ता किती वेळा पायी तुडवला असेल, याचा हिशोब त्यांच्याकडेही नव्हता.

आणि हे सगळं घर उचलून न्यायची ती चंद्री. बुटकी, तांबूस, दिसायला अगदी साधी घोडी. तिच्या पाठीवर पीठ, भांडी, घोंगड्या, मेंढरांभोवती लावायची वाघर, नुकतीच जन्मलेली कोकरं आणि सगळ्यात वर पाय बांधलेल्या कोंबड्या. माझे बाबा लहान असताना त्यांनाही त्या ओझ्यावर बसवून दोरीने बांधायचे. आबा स्वतः तिच्यावर कधी बसले नाहीत. "तिच्यावर आधीच घर हाय, मी कशाला?" असं म्हणायचे. मुक्कामावर पोचलं की आधी तिला पाणी, मग स्वतःला.

बाबा शाळेत जायच्या वयाचे झाले तेव्हा आबांनी त्यांना नातेवाइकांकडे ठेवलं आणि स्वतः चालत राहिले. बाबा शिकले, नोकरीला लागले. मी इंग्रजी घेऊन बीए केलं आणि आज हजार मैल दूर, हीटरशेजारी बसून लेख लिहिते. माझ्या या खुर्चीचं भाडं आबांच्या पायांनी भरलंय, असं आता वाटतं.

आबांच्या घोडीच्या जातीला भीमथडी म्हणतात. भीमेच्या थडीची, म्हणजे काठची. मराठ्यांच्या फौजा ज्या काटक दख्खनी घोड्यांवर फिरल्या, त्यांतलीच ही. आपल्या राज्यगीतातही भीमथडीच्या तट्टांचा उल्लेख आहे. आबा शेकोटीपाशी मल्हारराव होळकरांची गोष्ट सांगायचे. नीरेकाठच्या होळचा, १६९३ मध्ये जन्मलेला, लहानपणीच वडील गेलेला, मामाकडे मेंढरं राखणारा पोरगा पुढे घोडदळाचा सरदार झाला. १७५८ मध्ये रघुनाथरावांबरोबर तो पंजाबात आला आणि मराठ्यांनी सरहिंद घेतलं. ते सरहिंद माझ्या खोलीपासून जेमतेम तासाभरावर आहे! लहानपणी ही गोष्ट ऐकताना पंजाब कुठे असतो हेही मला माहीत नव्हतं.

फौजा गेल्या, संस्थानं गेली. तरी ही घोडी टिकली, ती मुख्यतः मेंढपाळांच्या वाड्यांवर. २०२४ च्या जानेवारीत मी बातमी वाचली, की भीमथडीला देशी घोड्यांची स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. मारवाडी, काठियावाडी, स्पिती वगैरे सात जातींनंतरची ही आठवी. आणि ही नोंद करणारी राष्ट्रीय संस्था कुठे आहे, माहितीये? कर्नालला. चंदीगडहून दिल्लीकडे निघालं की पानिपतच्या अलीकडे. आबा त्याआधीच गेले होते. आणि मी? मी बातमी वाचली आणि कोणाला काहीच न सांगता फोन बाजूला ठेवला. सांगायचं तर आबांबद्दल खरं बोलावं लागलं असतं.

म्हणून त्या वरातीच्या रात्री मी आजीला फोन केला. म्हटलं, "आजी, आज ऑफिसात सगळ्यांना आबांच्या घोडीचं सांगितलं." ती हसली. म्हणाली, "आबांची कुठली? आगं, तुझा आजा मेंढरांमागं रानातनं. पहाटं घोडं लादायचं, पुढच्या मुक्कामाला न्यायचं, उतरवायचं, ते समदं माझ्याकडं. तुझा बाप माझ्याच हातानं बांधलेला असायचा."

मी गप्पच झाले. आबांना अर्धं ठेवलं म्हणून स्वतःला दोष देत होते, आणि आजी तर माझ्या आठवणीच्या फोटोत आलीच नव्हती!

परवा पुन्हा वरात थांबली होती. मी खाली जाऊन घोडीवाल्या भैयांना घोडीचं नाव विचारलं. ते आधी गोंधळले, मग म्हणाले, "रानी." मी त्या दोघांचा एकत्र फोटो काढला आणि आजीला पाठवला.

यंदा गावी गेले की आजीला समोर बसवून सगळं विचारणार आहे: चंद्रीवर ओझं कसं बांधायची, घाटात पाय घसरायचा तेव्हा काय करायची. तुमच्याही घरात अशी कोणी आजी, आत्या, काकू असेल. तिचं काम 'शेती' किंवा 'घरकाम' अशा एका शब्दात उरकू नका. ती आहे तोवर विचारून घ्या.