भवानीची वेळ

ब्रिस्टलच्या आमच्या मॉडेल रेल्वे क्लबात नव्या सभासदाला सहसा चहाच्या टेबलाशी किंवा तिकिटांपाशी बसवतात. माझ्याकडे विक्रेत्यांचं काम आलं आणि ते मी मनापासून धरून ठेवलं आहे. शनिवार-रविवारच्या प्रदर्शनाला कोणते दुकानदार येणार, कुणाला किती टेबलं, कुणाची व्हॅन कुठल्या दाराला लागणार, हे मी बघतो. त्यातलं सगळ्यात नाजूक काम म्हणजे विक्री कधी सुरू करायची आणि कधी थांबवायची ते ठरवणं.

या छंदाची गोडी मला पुण्यात लागली. कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी १९९८ साली छोट्या रेल्वेचं संग्रहालय उघडलं. तिथे दिवे मालवले की अख्खं शहर उजळायचं आणि गाड्या आपापल्या सिग्नलला थांबायच्या. पण तिथे आपण प्रेक्षक होतो. ब्रिस्टलला आल्यावर कळलं की इथे असं काही आपल्या हातानं उभं करणारी माणसं गल्लोगल्ली आहेत. बहुतेकांचा जीव ‘ओओ’ मापावर: इंजिन खऱ्याच्या एक शहात्तरांश, दोन रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. इंजिनिअर ब्रुनेलनं १८४० साली इथल्या टेंपल मीड्स स्टेशनपर्यंत सात फुटांहून किंचित जास्त अंतराचे रूळ आणले आणि ते १८९२ पर्यंत टिकले, हा इतिहास इथल्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ असतो.

बाहेरच्याला वाटतं, वेळेत ठरवण्यासारखं आहे काय? दहाला दार उघडायचं, पाचला लावायचं, दुकानं तोवर चालू. पण लेआउट, म्हणजे रूळ-स्टेशनांसकट छोटी रेल्वे, मांडणारी माणसं दहापासून पाचपर्यंत आपल्या लेआउटमागे उभी असतात. एखादा डबा रुळावरून घसरतो, एखादं कपलिंग सुटतं, समोर लहान मुलं नाक टेकवून उभी असतात. अशा वेळी हलणार कोण? गणेशोत्सवात मंडळाच्या कार्यकर्त्याला दहा दिवसांत दुसऱ्या मंडळाचा देखावा बघायला मिळत नाही, अगदी तशीच यांची गत. ज्यांच्या जिवावर प्रदर्शन उभं असतं, ज्यांना सामानाची सगळ्यात जास्त गरज असते, तेच दुकानापासून वीस पावलांवर अडकलेले.

एका शनिवारी सकाळी दार उघडण्याआधी हे मला अगदी जवळून दिसलं. सत्तरीचे एक गृहस्थ लेआउटच्या खाली उताणे पडले होते, तोंडात बारीक टॉर्च. यार्डाच्या तोंडावरचा सांधा बदलणारी मोटर गेली होती. ती हलली नाही तर मालगाडी दिवसभर एकाच मार्गावर फिरत राहणार. समोरच्याच रांगेत सुट्या भागांचा स्टॉल होता, पण त्यावर पांढरी चादर, कारण दहाच्या आत विक्री नाही असा नियम. ‘तुम्ही थांबा, मी विचारून येतो,’ म्हणून मी गेलो. दुकानदारानं चादरीचा कोपरा उचलला, मोटर काढून दिली आणि पैसे नंतर द्या म्हणाला. गृहस्थांनी सोल्डरिंगची कांडी तापवली, तीन तारांना डाग दिले, बटण दाबलं, आणि ‘टक्’ असा आवाज होऊन सांधा पलटला. दहाला लोक आत आले तेव्हा मालगाडी यार्डात वळत होती.

त्या प्रसंगानंतर मी समितीपुढे मागणी ठेवली: शनिवारी नऊ ते पावणेदहा फक्त लेआउटवाल्यांसाठी दुकानं उघडी ठेवायची. विरोध झाला, आणि तो रास्त होता. बाहेर साडेआठपासून लोक रांगेत असतात. त्यांनी तिकीट काढलेलं असतं, कुणी वेल्समधून गाडी हाकत आलेलं असतं. आतल्यांनी आधीच चांगला माल उचलला तर त्यांनी रांगेत उभं राहायचं कशाला?

या वादातून वाट नव्या आणि जुन्या मालातल्या फरकात निघाली. नव्या डब्यांची दहा खोकी असतात, त्यातलं एक सकाळी गेल्यानं कुणाचं काही बिघडत नाही. डेव्हनमधल्या बीअर गावी पेको कंपनीचा कारखाना आहे, तिथले रूळ आणि सांधे तर जवळजवळ प्रत्येक स्टॉलवर असतात. सेकंड हँडचं तसं नाही. कुणा दिवंगत सभासदाच्या माळ्यावरून आलेलं, मूळ खोक्यासकट असलेलं जुनं इंजिन एकच असतं. म्हणून आम्ही ठरवलं की सकाळी रूळ, तारा, मोटरी, गोंद, रंग, नवा माल खुला. सेकंड हँडची टेबलं दहापर्यंत झाकलेली, आणि ती चादर क्लबचा माणूस काढणार, दुकानदार नव्हे. रांगेतल्या लोकांना हे दारावरच लिहून सांगतो. तेव्हापासून कुरकुर ऐकू आली नाही.

दोन वेगवेगळ्या वेळा एकत्र नांदवणं या शहराला नवं नाही. कॉर्न स्ट्रीटवर व्यापाऱ्यांची जुनी एक्स्चेंज इमारत आहे. तिच्या घड्याळाला मिनिटाचे दोन काटे आहेत: एक लंडनच्या वेळेचा, दुसरा त्याच्या दहा मिनिटं मागे असलेल्या ब्रिस्टलच्या वेळेचा. रेल्वे आली, लंडनचं वेळापत्रक आलं, तरी शहरानं १८५२ पर्यंत आपली वेळ सोडली नाही. आमच्या हॉलमध्येही तसे दोन काटे लावायला हरकत नव्हती: एक लेआउटवाल्यांचा, एक रांगेतल्यांचा.

अमेरिकेत हे गणित निराळं आहे. तिथल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनची वार्षिक परिषद आठवडाभर चालते: व्याख्यानं, कार्यशाळा, घरोघरचे लेआउट बघायच्या सहली. मोठी विक्री आठवड्याच्या शेवटी वेगळ्या प्रदर्शनात होते. आमच्याकडे दोनच दिवस, त्यामुळे बघणं आणि घेणं एकाच वेळी, एकाच छताखाली.

रविवारच्या वेळेवरून कायद्याचा प्रश्न निघाला. १९९४ च्या कायद्यानुसार इंग्लंड-वेल्समध्ये २८० चौरस मीटरपेक्षा मोठी दुकानं रविवारी सहाच तास उघडी ठेवता येतात, म्हणून आपणही दहा ते चारच ठेवलं पाहिजे, असं काहींचं ठाम म्हणणं. पण प्रदर्शनातल्या स्टॉलना त्या कायद्यातून सूट आहे. रविवारी चारला बंद करण्यामागचं खरं कारण म्हणजे हॉल संध्याकाळी रिकामा करून द्यायचा असतो आणि दुकानदारांना रात्री दूर घरी पोचायचं असतं. हे स्पष्ट झाल्यावर बोलणं नीट पुढे सरकलं.

कारण खरी अडचण चारच्या अलीकडे होती. फिल्टनला विमानाच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका मराठी मित्राचा मुलगा वाढदिवसाचे पैसे घेऊन रविवारी साडेतीनला एका स्टॉलकडे आला. सकाळपासून त्यानं एकच हिरवं टँक इंजिन हेरून ठेवलेलं, सगळे लेआउट बघून मग घ्यायचं म्हणून. तिथे पोचला तर स्टॉलवर खोकी बांधलेली. ‘काका, दुकान बंद झालं का?’ घड्याळात चारला पंचवीस मिनिटं कमी होती. मी दुकानदाराला विनंती केली, त्यानं खोकं फोडून इंजिन दिलं. पण प्रत्येक मुलाच्या मागे विनंती करायला काका नसतो. आता करारातच लिहिलं आहे: चारपर्यंत टेबल भरलेलं राहील, सव्वाचारपर्यंत कुठलीही व्हॅन दाराला लागणार नाही. त्या बदल्यात सामान उचलायला आम्ही मुलं-माणसं देतो, आणि दुकानदारांना ते पटलं आहे.

हे सगळं इतक्या काळजीनं करायचं कारण आहे. लिव्हरपूलचं नाव मिरवणारं, १९४६ सालचं हॅटन्स हे दुकान बंद होणार असं २०२४ च्या सुरुवातीला जाहीर झालं. त्याच सुमारास बर्मिंगहॅममधलं वॉर्ली नावाचं मोठं प्रदर्शनही थांबलं. इंजिन हातात घेऊन, उलटं करून, चाकं फिरवून बघायची जागा कमी होत चालली आहे. आणि स्टॉलचं भाडं नसेल तर लेआउटवाल्यांच्या व्हॅनचा, मुक्कामाचा खर्च आमचा क्लब देऊ शकणार नाही. सकाळी नऊला झालेली भवानी कित्येक दुकानदारांना पुढच्या वर्षी परत आणते.

आता काही विक्रेते शुक्रवारी संध्याकाळीही, मांडामांड चालू असताना विकू द्या म्हणतात. मला ते मान्य नाही. त्या तीन तासांत टेबलं पाणसळीत आणायची असतात, वायरी तपासून बघायच्या असतात, दारात चार व्हॅन अडकलेल्या असतात. तेव्हा गिऱ्हाईक झालेला माणूस आपला लेआउट रात्री अकरापर्यंत जोडत बसतो आणि सकाळी पेंगत उभा राहतो. पुढच्या बैठकीत मी याच्या विरुद्ध मत देणार आहे. त्याऐवजी शनिवारची सकाळ पंधरा मिनिटांनी वाढवावी, एवढंच मागणार आहे.