संस्कार : योगातील ठसा, बौद्धांची घडण

मराठी घरात ‘संस्कार’ हा शब्द उच्चारला की चांगले वळण अभिप्रेत असते आणि धर्मशास्त्रात गर्भाधानापासून अंत्येष्टीपर्यंतच्या विधींना तेच नाव आहे. दोन्हीकडे संस्कार ही करून घेण्याची, जपण्याची गोष्ट ठरते. योगदर्शनात आणि बौद्ध दर्शनात मात्र साधकाची सारी खटपट संस्कार शमवण्यासाठी चाललेली असते. शमवायचे ते नेमके काय, याचे उत्तर या दोन परंपरा वेगवेगळे देतात, आणि शब्द एकच असल्यामुळे हा भेद मराठी अनुवादांत बुजून जातो.

पतंजलींच्या योगसूत्रांत संस्कार म्हणजे चित्तात उरलेला ठसा. चित्तात उठणारी प्रत्येक वृत्ती, मग ती यथार्थ ज्ञानाची असो वा भ्रमाची, मावळताना असा ठसा मागे ठेवते आणि निमित्त मिळताच तो आपल्यासारखीच वृत्ती पुन्हा उठवतो. स्मृतीची उपपत्ती यावरच उभी आहे, आणि संस्कारांचा साक्षात्कार झाल्यास पूर्वजन्माचे ज्ञान होते, हे विभूतिपादातील प्रतिपादनही याच गृहीतावर. ठसा आवरण्याचे साधनही ठसाच असतो, हा या विवेचनाचा सर्वांत सूक्ष्म भाग होय: समाधीत उदय पावणाऱ्या प्रज्ञेचा संस्कार इतर संस्कारांना अडवतो, आणि अखेरीस त्याचाही निरोध झाला की समाधी निर्बीज होते.

बौद्ध ग्रंथांत हा शब्द (पालीत ‘संखार’) एका अर्थाला बांधलेला नाही. पाच स्कंधांपैकी चौथ्या, संस्कारस्कंधात चेतना, म्हणजे कर्माला प्रवृत्त करणारा संकल्प, आणि श्रद्धा, लोभ, द्वेष असे इतर चित्तधर्म येतात. थेरवादी अभिधम्मात त्यांची संख्या ५० आहे. बारा निदानांच्या साखळीत अविद्येमुळे संस्कार आणि संस्कारांमुळे विज्ञान (जाणीव) उत्पन्न होते, तेथे पुढील जन्म घडवणारे कर्म विवक्षित आहे. मज्झिमनिकायातील चूळवेदल्ल सुत्तात धम्मदिन्ना ही भिक्षुणी विशाख उपासकाला (परंपरेनुसार हा तिचा पूर्वाश्रमीचा पती) आश्वास-प्रश्वास हा कायसंस्कार, वितर्क-विचार हा वाक्‌संस्कार आणि संज्ञा-वेदना हा चित्तसंस्कार असे सांगते. श्वासाला ठसा म्हणणे कोणालाच जमणार नाही. सर्वांत व्यापक अर्थाने तर कारणांच्या योगाने घडलेली प्रत्येक गोष्ट संस्कारच होय, आणि केवळ निर्वाण त्याबाहेर राहते.

हा भेद दुःखाच्या विवेचनात विशेष स्पष्ट होतो. दोन्ही परंपरा दुःखाचे तीन प्रकार मानतात आणि दोन्ही याद्यांत संस्कारदुःख आहे. योगसूत्रांवरील व्यासभाष्यानुसार सुखदुःखाचा अनुभव संस्कार सोडतो, त्यातून स्मृती, स्मृतीतून राग-द्वेष आणि पुन्हा कर्म, अशी ही न सुटणारी साखळी म्हणजे संस्कारदुःख. बौद्ध मतानुसार जे घडलेले आहे ते उदय-व्ययाच्या अधीन असल्यामुळे, वेदना सुखद वा उदासीन असली तरी, दुःखच असते. गंमत अशी की दृष्टान्त मात्र जवळजवळ एक आहे: लोकरीचा तंतू अन्यत्र जाणवत नाही पण डोळ्यात खुपतो, तसे हे दुःख केवळ ज्ञात्याला कळते, असे व्यासभाष्य म्हणते आणि बौद्ध आचार्य वसुबंधूच्या अभिधर्मकोशभाष्यातही तेच आढळते. योगभाष्यकाराला बौद्ध अभिधर्माची परिभाषा अवगत होती, याचा याहून बोलका पुरावा क्वचित मिळेल. अशा साम्यांचा मागोवा लुई द ला वाले पूसाँ या बेल्जियन पंडिताने १९३० च्या दशकात घेतला होता.

एका तिसऱ्या अर्थात, म्हणजे आधी मिळालेला वेग या अर्थात, दोघे पुन्हा जवळ येतात. योगाशी जोडलेल्या सांख्यदर्शनाच्या सांख्यकारिकेत ज्ञान झाल्यावरही शरीर संस्कारवशात टिकते, जसे कुंभाराने हात काढल्यावरही चाक फिरत राहते. आणि अंगुत्तरनिकायात पचेतन राजाच्या रथकाराने केलेले चाक दिलेल्या वेगाइतके धावते, त्या वेगालाही ‘अभिसंखार’ म्हटले आहे. वैशेषिक दर्शनकारांनी तर वेग हा संस्काराचा एक प्रकारच गणला.

खरा वाद आश्रयाचा आहे. योगातील ठशाला चित्त हे स्थान आहे, वैशेषिकांच्या ‘भावना’ नामक संस्काराला आत्मा. बौद्धांपाशी टिकून राहणारा असा आश्रयच नसल्याने कर्म आणि फळ यांचा दुवा जोडण्याचे काम संस्कार या शब्दावर न टाकता चित्तसंततीतील ‘बीज’, ‘वासना’ आणि योगाचार पंथात ही बीजे साठवणारे ‘आलयविज्ञान’ या कल्पनांवर सोपवावे लागले.

इगतपुरीच्या धम्मगिरी या विपश्यना केंद्रामुळे महाराष्ट्रात रूढ झालेल्या सत्यनारायण गोएंका यांच्या विपश्यना-परिभाषेत संवेदनेवरील प्रतिक्रियेला संस्कार म्हणतात, आणि हा अर्थ पाली परंपरेला धरून आहे. साठलेले जुने संस्कार संवेदनारूपाने वर येऊन क्षीण होतात, ही भाषा मात्र पाली स्कंधविचारापेक्षा योगाच्या कर्माशयाला (कर्मसंस्कारांच्या साठ्याला) आणि योगाचाराच्या बीजाला अधिक जवळची आहे. साधनेला त्याने बाधा येत नाही, अनुवादाला येते. तेव्हा पाली ग्रंथांच्या मराठी अनुवादकांनी ‘संस्कार’ हा शब्द अवश्य राखावा, परंतु त्या त्या ठिकाणी कर्म, चित्तधर्म की घडलेली वस्तू अभिप्रेत आहे, हे तिथल्या तिथे नोंदवावे.