स्वच्छ वर्तुळातले दोन ठिपके

भिलाईत वाढलेल्या मुलीला ‘कॉलनी’ या शब्दाचा अर्थ शिकवावा लागत नाही. सोव्हिएत मदतीने उभ्या राहिलेल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये पेटली आणि तिच्याभोवती सेक्टर वसत गेले. आमचं घर विदर्भातून आलेलं. शेजारी तेलुगू, बंगाली, मल्याळी. त्यामुळे बी.एस्सी.ला मॅडम म्हणाल्या, “अब कॉलोनी गिनो,” तेव्हा अख्खा वर्ग हसला.

पेट्री डिशमधली कॉलनी बहुधा एकाच जिवाणूची संतती असते. ई. कोलायला अन्न आणि ऊब मिळाली, तर तो सुमारे वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. सकाळपर्यंत डोळ्यांना दिसणारा ठिपका तयार. अगारचं माध्यम ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर पंधरा मिनिटं ठेवायचं. मग तारेची कडी ज्योतीत लाल करायची. कारखान्यात धातू तापवतात तो घडवायला. इथे कडीवर एकही जीव उरू नये म्हणून. मे महिन्यात ३७ अंशांच्या इनक्युबेटरचं काही चालत नसे, कारण खोलीच त्याहून तापलेली.

एकदा आम्ही जिवाणूंचा पातळ थर पसरून त्यावर अँटिबायोटिकच्या कागदी चकत्या ठेवल्या. दुसऱ्या दिवशी चकत्यांभोवती स्वच्छ वर्तुळं उमटली होती. माझ्या एका वर्तुळाच्या आत मात्र दोन ठिपके होते. भेसळ असेल, म्हणून मॅडमनी त्यातला एक उचलून वेगळा वाढवायला लावला. जिवाणू तोच निघाला. पुन्हा तीच चकती ठेवली, तर या वेळी वाढ थेट चकतीला भिडली. औषधाने बाकीचे मारून याच्यासाठी जागा मोकळी केली होती.

आमच्या फ्रिजवर एक डबा असे. बाबा प्रत्येक दुखण्यातल्या उरलेल्या गोळ्या त्यात जपून ठेवत आणि सर्दी झाली की त्यातलीच एक घेत. मी त्यांना मोबाइलवर डिशचा फोटो दाखवला.

“मग मी पूर्ण पाकीट खाल्लं असतं, तर हे दोन मेले असते का?” त्यांनी विचारलं.

“नाही बाबा. हे त्या औषधाला दाद देत नाहीत. आणि सर्दी विषाणूची असते. तुम्ही गोळी घेता तेव्हा सर्दीला काहीच होत नाही. पोटातले साधे जिवाणू तेवढे मरतात आणि असले उरतात.”

पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच अपुऱ्या मात्रेचा धोका सांगितला होता, हेही मी ऐकवलं. बाबांना फ्लेमिंगशी देणंघेणं नव्हतं. त्यांनी फोटो बोटांनी मोठा केला आणि ते दोन ठिपके बराच वेळ पाहिले.

“म्हणजे इतकी वर्षं मी यांनाच पोसतोय,” ते म्हणाले.

डब्यात आता सुईदोरा आणि बटणं असतात.