आमचं की आपलं?

इंजिनिअरिंगच्या मासिकात व्याकरण? घाबरू नका, व्हायव्हा नाही!

इंग्रजीत सगळं 'अवर'. अवर रूम, अवर कॉलेज, अवर मुंबई. समोरचा त्यात धरलाय की नाही, हे त्या शब्दावरून कळतच नाही. मराठीत मात्र दोन शब्द आहेत. 'आमची रूम' म्हटलं की ऐकणारा दाराबाहेर. 'आपली रूम' म्हटलं की तो आत, कॉटवर बसून चिवडा खातोय. 'आपला' या शब्दाचं मूळ संस्कृत 'आत्मन्'मध्ये आहे. म्हणजे समोरच्याला आपण थेट आत्म्यात जागा देतो!

ही सोय फक्त मराठीत नाही. घाटकोपर-मुलुंडचे गुजराती मित्र 'अमारुं' आणि 'आपणुं' वेगळं ठेवतात. तेलुगूत 'मा इल्लु' म्हणजे आमचं घर, 'मन इल्लु' म्हणजे आपलं. द्राविडी भाषांच्या शेजारामुळे हा भेद मराठी-गुजरातीत रुजला, असं बरेच अभ्यासक मानतात. इंग्रजांनी तरी काय केलं? त्यांचं 'देअर' हे इंग्लंडात येऊन स्थायिक झालेल्या नॉर्स लोकांचं. 'इट्स' तर सोळाव्या शतकाच्या अखेरचा. त्याआधी निर्जीव वस्तूलाही 'हिज'च चालायचं. १६११ च्या किंग जेम्स बायबलच्या पहिल्या छपाईत 'इट्स' सापडत नाही. थोडक्यात, मालकी सांगणारे शब्दसुद्धा शेजाऱ्यांकडून येतात.

मी अकोल्याचा. अंधेरीला राहायला आलो तेव्हा जिथे तिथे 'आमची मुंबई' ऐकू यायचं. म्हणणाऱ्याच्या मनात तसं काही नसेलही, पण व्याकरणाने मी बाहेरच! मग एका रात्री बोरिवलीच्या वर्गमित्राचा फोन आला, "अरे, आपल्या जर्नलचं काय झालं?" जर्नल त्याचं, सबमिशन त्याचं, लिहिणारा मी. चिडलो, पण खरं सांगतो, बरंही वाटलं. या शहरात कुणीतरी मला 'आपल्या'त धरलं होतं.

तेव्हापासून एक कळलंय. 'आमचं' म्हणायला फक्त हक्क पुरतो, 'आपलं' म्हटलं की काम अंगावर येतं. हॉस्टेलचा नळ रात्रभर गळतो, कारण तो 'हॉस्टेलचा' आहे. आपला म्हटला, तर उठून बंद करावा लागेल.

यंदाच्या फर्स्ट इयरच्या पोरांना 'आमचं हॉस्टेल' दाखवू नका. 'आपलं' दाखवा. नळासकट.